माया ठेवून

गणवेशाची कड मी तीनदा उसवली.
दर वेळी डावीकडून बोटभर खाली.
कापडाला दोष दिला, कात्रीला,
शेफील्डच्या चढउतारांना –
या गावात सरळ उभं राहतंच कोण.
मग एका रविवारी, न्हाऊ घालताना
शाल्मलीच्या पाठीवरून साबणाचं बोट खाली नेत होते,
आणि बोट
वळलं.

चौतीस अंश. सत्तेचाळीस. एकसष्ट.
पाढ्यांसारखे पाठ झाले आकडे.
दोन वर्षं प्लास्टिकचं जाकीट, रोज तेवीस तास.
उरलेल्या एका तासात ती घरभर उड्या मारायची
आणि मी घड्याळाकडे न बघता
घड्याळ बघायची.

मिस्टर ऑलरनशॉ
(इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात)
कागदावर रेघ ओढून सांगत होते:
कणा आत्ताच सांधून टाकला
तर सात वर्षांची छाती सात वर्षांचीच राहील,
फुप्फुसांना जागा पुरायची नाही.
म्हणून दोन दांड्या, लांब होणाऱ्या.
आत चुंबक.
दर तीन महिन्यांनी बाहेरून यंत्र धरायचं,
चार मिलिमीटर सोडायचे.

दुभाषी बाई मी मागितल्या नव्हत्या,
फॉर्मवर घरची भाषा लिहिली म्हणून आल्या.
त्या शब्द शोधत थांबल्या.
मी म्हटलं, कळलं.
ॲबीडेल रोडवरच्या दुकानात
अकरा वर्षं मी हेच करते आहे.
वाढत्या अंगाचं शिवताना
शिवणीच्या आत दुमडून, कुणाला दिसू न देता,
माया ठेवते.

संमतीच्या कागदावर
जंतुसंसर्ग, दांडी तुटणं, पुन्हा टाके,
आणि सहाव्या ओळीत,
बाकीच्यांइतक्याच बारीक अक्षरात,
पाय जाणं.
एरवी बँकेच्या कागदाला मला हात लावू न देणाऱ्या नवऱ्याने
पेन माझ्याकडे सरकवलं.

सहा तास.
कँटीनमध्ये रॉदरहॅमची डोना भेटली,
तिच्या मुलाची ही पाचवी खेप.
काही न विचारता तिने
आपल्या बशीतले अर्धे चिप्स माझ्याकडे लोटले.
मी ते एकेक मोजून खाल्ले.

‘पायाची बोटं हलव,’
नर्सने इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत.
कुणाचं ऐकलं ठाऊक नाही.
आधी अंगठा हलला.

एका दुपारीत चार सेंटीमीटर वाढलेली लेक घरी आली.
सगळे फ्रॉक आखूड.
गणवेशाची कड सोडली, ती सरळ पडली.
मशीनपाशी बसून कितीतरी वेळ बघत राहिले.
वाकडी नव्हती
म्हणून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

मग दर तीन महिन्यांनी ते यंत्र.
‘आई, आत कुणीतरी पेन्सिल तासतंय.’
मग आइस्क्रीम, बर्फ पडत असला तरी.
शाळेत कुणी पाठीवर थाप मारली की
माझ्याच छातीत धस्स.

अकराव्या वर्षी उजवी दांडी हलेना.
यंत्र गुणगुणलं, थांबलं, पुन्हा गुणगुणलं.
मिस्टर ऑलरनशॉ खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले,
माझ्यासमोर नाही.
आता जागा बरीच झाली, म्हणाले,
पुढच्या वर्षी कायमचं सांधू.
‘म्हणजे मी एवढीच?’
‘जवळजवळ.’

घरी येऊन तिने माझी टेप मागितली.
भिंतीला टाच लावून उभी राहिली.
एकशे अठ्ठेचाळीस.
‘तुझ्याहून दोन बोटं कमी,’ ती म्हणाली, ‘चालेल.’
मग शर्ट वर करून, आरशाकडे पाठ करून,
मानेपासून कमरेपर्यंतचा व्रण
मान वळेल तेवढी वळवून बघत राहिली.
‘कुणी शिवलंय हे?
तुझी टीप
याच्यापेक्षा बारीक असते.’